सायनस भरल्यावर घरी काय करावे: नाक धुणे, वाफ, शेक आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

सर्दी होऊन चार-पाच दिवस झाले आहेत, नाकातून वाहणे कमी झाले आहे, पण आता गालांची हाडे ठणकतात, खाली वाकले की कपाळ जड होते, वरच्या दाढा दुखतात आणि घशात मागून घट्ट शेंबूड उतरत राहतो, अशी अवस्था पावसाळा सरताना आणि थंडी पडू लागताना पुष्कळांच्या वाट्याला येते. अशा वेळी घरातून एकदमच पाच सल्ले मिळतात: वाफ घे, काढा पी, सुंठीचा लेप लाव, नाकात तेल सोड, दही-केळे बंद कर. यांतले काही सल्ले खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि एक-दोन चक्क धोक्याचे आहेत. परंतु ते सगळे सारख्याच खात्रीने सांगितले जात असल्यामुळे आजाऱ्याने कशावर भर द्यावा हे त्याला उमगत नाही. माझे मत आधीच नोंदवून ठेवणे बरे. घरी करण्याजोग्या उपायांत मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि नेमका तोच सर्वांत निष्काळजीपणे केला जातो. म्हणून पुढे या लेखात सर्वाधिक जागा त्याला दिली आहे.

आत नेमके काय अडते

कवटीच्या पुढच्या भागात हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात: गालांच्या हाडांत, कपाळात भुवयांच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि त्यांच्याही मागे खोलवर. या पोकळ्यांच्या अस्तरातून सतत पातळ स्राव झरत असतो आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस तो स्राव ठरावीक दिशेने ढकलत नाकात आणून सोडतात. गालाच्या पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे माणूस उभा राहिला म्हणून ती आपोआप रिकामी होत नाही. तिचा निचरा जवळजवळ पूर्णपणे या केसांच्या हालचालीवर चालतो. सर्दीच्या विषाणूमुळे अस्तर सुजले की मुळातच अरुंद असलेली ही तोंडे मिटतात, केसांची हालचाल मंदावते, स्राव आत साचून घट्ट होतो आणि तेथे दाब व ठणका सुरू होतो.

सूज आपली आपण ओसरेपर्यंत स्राव पातळ ठेवणे आणि त्याची वाट मोकळी राखणे एवढेच घरगुती उपायांना साधते, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. सर्दीनंतर येणारा सायनसचा त्रास बव्हंशी विषाणूंमुळेच असतो. त्यात पुढे जिवाणूंचा संसर्ग होण्याचे प्रमाण साधारण ०.५ ते २ टक्के एवढेच असते. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक घ्यावेच लागणार, हा समजही सोडून द्यावा. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दिसू शकतो. कपाटात उरलेल्या मागच्या वेळच्या गोळ्या काढून घेण्याला तर काहीच अर्थ नाही.

पहिली पायरी: दुखणे सायनसचेच आहे याची खात्री

उपाय सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण कपाळ दुखले की ‘सायनस’ म्हणण्याची आपल्याकडे सवयच आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या २,९९१ जणांची तपासणी केली असता त्यांतील ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते आणि गालांवर दाब जाणवतो, म्हणून ही फसगत होते. उजेड आणि आवाज सहन होत नसेल, मळमळत असेल, डोके ठोके पडल्यासारखे दुखत असेल, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी सगळे पूर्ण थांबत असेल आणि नाकातून घट्ट स्राव येत नसेल, तर वाफेची भांडी मांडून बसण्याऐवजी मायग्रेनच्या दिशेने तपासणी करून घ्यावी. खऱ्या सायनसच्या त्रासात नाक बंद असणे किंवा नाकातून अथवा घशात घट्ट स्राव उतरणे यांपैकी एक तरी लक्षण असतेच. सोबत चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी येणे ही लक्षणे असतात.

शिंकांची लड, नाकाला आणि डोळ्यांना खाज व पाण्यासारखा स्राव असेल तर ती बहुधा ॲलर्जी असते. एकाच बाजूचा गाल दुखत असेल आणि त्याच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर त्या बाजूच्या वरच्या दाढा दाखवून घ्याव्यात, कारण या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या अगदी तळाला भिडलेली असतात आणि किडलेल्या दाढेचा पू थेट पोकळीत उतरू शकतो. असा सायनस दाढेवर उपचार झाल्याशिवाय कोणत्याही काढ्याने बरा होत नाही.

त्याच दिवशी दिनदर्शिकेवर सर्दीचा पहिला दिवस कोणता ते खूण करून ठेवावे. पुढचे बरेचसे निर्णय या तारखेवर अवलंबून आहेत.

दुसरी पायरी: मिठाच्या पाण्याने नाक धुणे

हठयोगातील शुद्धिक्रियांमध्ये नेतीचा, म्हणजे नाक स्वच्छ करण्याच्या क्रियेचा, समावेश आहे आणि जलनेती हा तिचा सर्वांत सोपा प्रकार आहे. महाराष्ट्रात तिची ओळख मुख्यतः योगवर्गांमधून झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेने अशा क्रियांकडे वैज्ञानिक दृष्टीने पाहण्याचा पाया घातला. आज कान-नाक-घशाचे डॉक्टरही हाच उपाय सांगतात, फक्त पितळी किंवा तांब्याच्या नेतीपात्राच्या जागी ते बहुधा प्लॅस्टिकची बाटली सुचवतात. पात्र कोणतेही असो, काम एकच आहे: घट्ट झालेला स्राव, धूळ आणि दाह वाढवणारी द्रव्ये वाहून नेणे आणि अस्तर ओले ठेवणे.

पाण्याच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. नळाचे, विहिरीचे, बोअरचे किंवा टाकीतले पाणी पिण्याजोगे असले तरी नाकात घालण्याजोगे असेलच असे नाही, कारण पोटातले आम्ल ज्या सूक्ष्मजीवांना मारते त्यांना नाकात अडवणारे तसे काही नसते. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेतीपात्रातून नाक धुणाऱ्या दोन व्यक्तींचा नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाच्या संसर्गामुळे मृत्यू झाला. हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, नाकाच्या छतातून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून रुग्ण वाचणे दुर्मीळ असते. हा आजार फार विरळा आहे हे खरे. पण केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत अशा अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत, आणि पाणी उकळण्याइतक्या साध्या गोष्टीने तो टळत असेल तर आळस का करावा? पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट, घरच्या हिशेबाने तीन ते पाच मिनिटे, ते तसेच उकळू द्यावे, झाकण ठेवून कोमट होऊ द्यावे आणि त्याच दिवशी वापरून टाकावे. घरातील फिल्टरचे किंवा आरओचे पाणीसुद्धा उकळूनच घ्यावे. गरम आणि गार पाणी मिसळून कोमट करायचे असेल तर गार पाणीही आधी उकळलेले असले पाहिजे. बहुतेक जण चुकतात ते येथेच.

मिठाचे प्रमाण एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम असे ठेवावे. अर्धा लिटर पाण्याला हे प्रमाण साडेचार ग्रॅम होते, म्हणजे मोजमापाच्या ५ मिलीच्या चहाच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा बारीक मीठ. जाडे मीठ किंवा सैंधव वापरायचे असेल तर ते आधी बारीक कुटावे, कारण खडे चमच्यात पोकळ बसतात आणि प्रमाण चुकते. सैंधवात कधी कधी मातीची कच असते, म्हणून द्रावण स्वच्छ पातळ कापडातून गाळून मग उकळावे. आयोडीनयुक्त मिठाने काही जणांच्या नाकात चुरचुरते, त्यांनी बिनआयोडीनचे मीठ घ्यावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पाणी अधिक सौम्य लागते आणि घट्ट स्राव सुटायला मदत होते. तयार पाणी चवीला अश्रूंइतके खारट लागावे. मीठ फार कमी पडले किंवा फार जास्त झाले तर नाकात आग होते. पोहताना नाकात गोडे पाणी गेल्यावर जी कळ येते ती मीठ नसल्यामुळेच येते. त्यामुळे पहिल्याच वेळी झोंबले तर हा उपाय आपल्याला मानवत नाही असे ठरवून टाकू नये, आधी मिठाचे माप पाहावे.

प्रत्यक्ष क्रिया मोरीत उकिडवे बसून किंवा बेसिनवर वाकून करता येते. पाण्याचा उबारा मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहावा. ते अंगाइतकेच कोमट असावे. कमरेतून पुढे वाकून मान एका बाजूला वळवावी, अशी की एक नाकपुडी वर आणि दुसरी खाली राहील. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत ठेवावीत. हनुवटी वर उचलली गेली तर पाणी घशात उतरते. तोंड उघडे ठेवून तोंडाने संथ श्वास घेत राहावे आणि पात्राची चोच वरच्या नाकपुडीत अलगद बसवून पात्र हळूहळू उचलावे. काही क्षणांत पाणी खालच्या नाकपुडीतून वाहू लागते. या वेळी बोलणे, हसणे, गिळणे आणि नाकाने श्वास घेणे टाळावे. साधारण शंभर ते दोनशे मिली पाणी एका बाजूने गेल्यावर थांबावे, हलकेच नाक मोकळे करावे आणि दुसऱ्या बाजूने तेवढेच पाणी घालावे. नेतीपात्र नसेल तर औषधाच्या दुकानातली नाक धुण्याची बाटली किंवा सुई नसलेली २० मिलीची सिरिंज चालते. मात्र बाटली जोराने दाबू नये आणि पाण्याचा रोख कानाच्या दिशेने, किंचित मागे ठेवावा, मधल्या पडद्यावर नाही.

धुऊन झाल्यावरचा भाग क्रियेइतकाच महत्त्वाचा आहे. आत उरलेले पाणी काढण्यासाठी पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून, नाकाने हलके उच्छ्वास सोडावेत आणि मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवावी. एक नाकपुडी घट्ट दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाला जोडलेल्या नळीत शिरते आणि कान दुखू लागतो. अर्ध्या-एक तासाने खाली वाकल्यावर नाकातून एकदम पाणी टपकते, त्याने घाबरून जाऊ नये. झोपण्याच्या अगदी तोंडावर ही क्रिया करू नये. मध्ये किमान एक तास जावा. पात्र दर वेळी साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने विसळून, उपडे घालून पूर्ण कोरडे करावे आणि घरातल्या प्रत्येकाचे पात्र वेगळे असावे.

त्रास असेपर्यंत दिवसातून एक ते दोन वेळा एवढे पुरे होते. कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनी, कान ठणकत असताना, नाकातून रक्त येत असताना, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाक धुऊ नये. दोन्ही नाकपुड्या ठार बंद असतील तर पाणी जोराने आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. आधी पुढे दिलेला शेक घ्यावा आणि वाट थोडी उघडल्यावर धुवावे. सूचना समजून पाळू शकत नाहीत अशा लहान मुलांसाठी दुकानात तयार मिळणारे सलाइनचे थेंब किंवा फवारा हाच योग्य पर्याय आहे. गरोदरपणात अनेक औषधे बंद असतात, त्या काळात मिठाचे पाणी विशेष सोयीचे ठरते.

वाफ: आराम मिळतो, पण किती

वाफेवर आपल्याकडे श्रद्धा मोठी आहे. इंग्लंडमध्ये वारंवार किंवा दीर्घकाळ सायनसचा त्रास असलेल्या ८७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाक धुणाऱ्यांना माफक पण खरा फायदा झाला, तर वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी थोडी कमी होण्यापलीकडे फारसा फरक पडला नाही. त्यामुळे वाफ सोडून द्यावी असे नाही. ऊब आणि ओलावा मिळाल्याने ठणका घटकाभर सैलावतो, चोंदलेल्या नाकाला बरे वाटते आणि तेवढा आराम झोपेआधी मोलाचा असतो. फक्त वाफ घेतली म्हणजे उपचार झाला असे समजून नाक धुण्याचा कंटाळा करू नये.

वाफेचा खरा धोका भाजण्याचा आहे. शेगडीवर उकळत असलेल्या पातेल्यावर वाकणे, मांडीवर भांडे घेणे, गादीवर बसून वाफ घेणे आणि जवळ मूल खेळत असणे, हे सगळे अपघाताला निमंत्रण आहे. भांडे उतरवून रुंद बुडाच्या, न कलंडणाऱ्या जागी ठेवावे, उकळी पूर्ण बसल्यावर चेहरा हातभर अंतरावर ठेवून डोळे मिटावेत आणि पाच ते दहा मिनिटांत उठावे. लहान मुलांना वाफेच्या भांड्याजवळ बसवूच नये. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावावे आणि त्या दमट हवेत त्यांना कडेवर घेऊन काही मिनिटे बसावे.

पाण्यात ओवा किंवा तुळशीची पाने टाकायला हरकत नाही. बाम, कापूर आणि निलगिरीचे तेल यांच्याबद्दल मात्र सावध राहावे. मेन्थॉलसारख्या द्रव्यांनी नाकातील थंडाव्याच्या संवेदना जाग्या होतात आणि नाक उघडल्यासारखे वाटते. हवेचा मार्ग प्रत्यक्षात तेवढाच अरुंद असतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून भीमसेनी कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधण्याची पद्धत बंदच करावी. दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला किंवा नाकाला कापूरयुक्त बाम चोळू नये.

शेक आणि लेप

गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला छोटा टॉवेल नाकाच्या मुळापासून गालांपर्यंत पसरून दहा मिनिटे ठेवावा आणि निवत गेला की पुन्हा गरम करून घ्यावा. दिवसातून तीन-चार वेळा हे करता येते, भाजण्याचा धोका वाफेपेक्षा कमी असतो आणि माझ्या मते वृद्धांसाठी वाफेऐवजी हाच उपाय निवडावा. तव्यावर कोरडा भाजलेला ओवा सुती रुमालात बांधून केलेली पुरचुंडी हे याचेच कोरडे रूप. ती आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावी आणि डोळ्यांच्या पापण्यांपासून दूर ठेवावी. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे त्यांना शेक दुसऱ्याने द्यावा.

सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा किंवा वेखंडाचा लेप कपाळाला लावला की त्वचेवर उष्णता जाणवते आणि दुखण्याकडचे लक्ष तेवढा वेळ दुसरीकडे वळते. आतल्या पोकळीपर्यंत लेप पोहोचत नाही. पातळ थर लावून पंधरा-वीस मिनिटांत धुवावा. तो रात्रभर ठेवून सकाळी कपाळ भाजल्यासारखे लाल झालेले पाहण्याची वेळ आणू नये.

खाणेपिणे

स्राव पातळ राहण्यासाठी शरीरात पाणी पुरेसे हवे. लघवीचा रंग फिकट असेल तर ते पुरेसे आहे असे समजावे. गरम पातळ पदार्थ येथे दुहेरी काम करतात. टोमॅटोचे सार, कुळथाचे कढण, मिरे घातलेले वरणाचे पाणी, मऊ भात आणि मेतकूट, मांसाहार करणाऱ्यांसाठी चिकनचे किंवा पायाचे सूप, यांपैकी जे गोड लागेल ते घ्यावे.

काढ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो सौम्य असावा. दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, गवती चहाच्या दोन-तीन पाती, चार-पाच तुळशीची पाने आणि तीन-चार मिरे घालून दीड कप उरेपर्यंत उकळावे आणि दिवसातून दोनदा घ्यावे. करोनाच्या काळात दिवसभर कडक काढे पिऊन अनेकांनी छातीत जळजळ ओढवून घेतली होती, ते विसरू नये. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते काढ्यातून वगळावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आले-हळदीचा मारा करू नये. हळदीचे दूध प्यावेसे वाटले तर जरूर प्यावे. दुधामुळे कफ वाढतो या समजुतीला तपासण्यांत आधार मिळालेला नाही. दूध लाळेत मिसळून घशात काही वेळ दाट लागते एवढेच. मध एक वर्षाखालील बाळाला देऊ नये.

शिंकरणे, झोप आणि औषधांची मर्यादा

जोरात शिंकरण्याने मोकळे वाटण्याऐवजी नाकातला स्राव उलट पोकळ्यांमध्ये ढकलला जातो. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी करावी, तीही अलगद. रात्री डोक्याखाली दोन उशा घेऊन धड थोडे उंच ठेवावे. एका कुशीवर झोपल्यावर खालच्या बाजूची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते, हा शरीराचा नेहमीचा नियम आहे, त्यामुळे जी बाजू अधिक दुखते ती वर राहील अशी कूस घ्यावी.

नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत काम करतात, आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. तीन, फार तर पाच दिवसांच्या पलीकडे ते वापरले तर औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि पुन्हा थेंब घालावे लागतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. पावसाळ्याच्या दिवसांत ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे.

हे उपाय करू नयेत

२०२१ साली नाकात लिंबाचा रस घालण्याचा सल्ला समाजमाध्यमांवरून वेगाने पसरला होता. लिंबाच्या आम्लाने नाकाचे अस्तर भाजते आणि ज्या सूक्ष्म केसांवर सगळा निचरा अवलंबून आहे तेच निकामी होतात. कांद्याचा रस, लसणाची सोललेली पाकळी नाकपुडीत धरून ठेवणे, तुरटीचे पाणी, हे सगळे त्याच वर्गातले आहे. लसूण काढल्यावर भसकन वाहणारा स्राव आतून निचरा झालेला नसतो, तर चिडलेल्या अस्तराने नव्याने ओतलेला असतो.

तेल किंवा तूप नाकात ओतण्याबाबत मतभेद आहेत, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. नाकपुडीच्या कडेला बोटाने तुपाचा हलका हात फिरवला तर कोरडेपणा कमी होतो आणि त्यात धोका नाही. परंतु आडवे झोपून चमचा-चमचा तेल सोडण्याची सवय लागली तर ते थोडे थोडे फुप्फुसांत उतरून तेथे दाह निर्माण करू शकते. बाळे आणि वृद्ध यांच्याबाबत हा धोका अधिक असतो. नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल-तूप सोडण्याचा आयुर्वेदिक उपचार, करायचे असेल तर ते सायनस भरलेला असताना घरी न करता शिक्षित वैद्यांच्या देखरेखीखालीच करावे.

दिवसाचा क्रम कसा लावावा

सकाळी उठल्यावर गरम पेय घ्यावे, मग दहा मिनिटे शेक किंवा वाफ आणि स्राव सैल झाल्यावर लगेच नाक धुणे, असा क्रम सर्वांत सोयीचा पडतो. दुपारी नुसता शेक पुरतो. संध्याकाळी जेवणापूर्वी पुन्हा एकदा शेक घेऊन नाक धुवावे, म्हणजे झोपेपर्यंत पाणी पूर्ण निथळते. घरात उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल या दिवसांत लावू नये, फोडणीच्या वेळी आजाऱ्याने स्वयंपाकघराबाहेर थांबावे आणि विडी-सिगारेटचा धूर तर कोणाचाच नको. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दाब उतरू लागतो. सर्दीच्या पहिल्या दिवसापासून धरून सात ते दहा दिवसांत बहुतेकांना स्पष्ट उतार पडतो. विमानप्रवास पुढे ढकलता येत असेल तर ढकलावा, कारण विमान उतरताना बंद पोकळ्यांमध्ये तीव्र कळा येतात.

घरचे उपाय थांबवण्याची वेळ

दिनदर्शिकेवर केलेली खूण येथे कामी येते. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, पाच-सहा दिवसांनी बरे वाटू लागून पुन्हा ताप आणि ठणका उलटला असेल, किंवा सुरुवातीलाच १०२ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्याचे तीव्र दुखणे सलग तीन-चार दिवस राहिले असेल, तर जिवाणूंच्या संसर्गाची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवावे.

याहून वेगळी अशी काही लक्षणे आहेत ज्यांत दिवस मोजायचेच नाहीत. डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, कपाळावर मऊ गळवासारखी सूज, मान आखडणे, असह्य डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, गरज पडल्यास मध्यरात्रीसुद्धा, रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यानंतर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकू लागले तर ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते. तेव्हा नाक धुऊ नये.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराची, साथ आली आणि सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा वापर ही तिची प्रमुख कारणे होती. ती लाट ओसरली तरी ही बुरशी हवेत आणि मातीत असतेच. नाकात काळी खपली, रक्तमिश्रित काळसर स्राव, गालाला बधिरपणा, टाळूवर काळा डाग किंवा दात अचानक हलू लागणे, ही लक्षणे साखर वाढलेल्या माणसात दिसली तर एक तासही काढ्यात घालवू नये.

वारंवार होत असेल तर

वर्षातून चार किंवा अधिक वेळा सायनस भरत असेल, किंवा त्रास सलग बारा आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर मूळ कारण शोधावे लागते. ते पुष्कळदा घरातच सापडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी, विदर्भात उन्हाळाभर न बदललेल्या कूलरच्या ताट्या, एसीची न धुतलेली जाळी, पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम लक्षात आलेल्या आणि आता सर्वत्र माजलेल्या गाजर गवताचे परागकण, जुन्या गाद्यांमधली धूळ, ही कारणे दूर केल्याखेरीज नाक शांत होत नाही. काहींच्या नाकाचा मधला पडदा वाकडा असतो, काहींच्या नाकात पॉलिप म्हणजे मांसल वाढ असते. त्यांचा निर्णय दुर्बिणीने तपासूनच होतो.

अशा तपासणीला जाताना त्रास कोणत्या बाजूला अधिक आहे, वास येतो की नाही, दाढांचे काही काम झाले आहे का, कोणते थेंब किती दिवस वापरले, साखर आणि रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. सर्दीच्या पहिल्या काही दिवसांत सीटी स्कॅनचा आग्रह धरू नये, कारण साध्या सर्दीतही बहुतेकांच्या पोकळ्या स्कॅनमध्ये भरलेल्या दिसतात आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. दीर्घकाळच्या त्रासात डॉक्टर स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. तो नाक धुऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मारावा, म्हणजे औषध वाहून न जाता अस्तरावर टिकते.